खालून पहिलं गाणं

अण्णा मंडईत दिसले की आंबेवाल्या बाया पेट्यांवर आडवे हात ठेवायच्या. कारण अण्णा पेटी वरून बघायचेच नाहीत. ती उचलून सरळ उलटी करायला जायचे. "वरचा थर गिऱ्हाइकासाठी असतंय, खालचा थर आंब्यासाठी," असं त्यांचं म्हणणं. पेपर ते शेवटच्या पानापासून वाचत. डबा उघडला की खालचा कप्पा आधी, भाकरी नंतर. एकदा सोलापूरच्या पूर्व भागात कुणाच्या तरी लग्नात त्यांनी भर मांडवात नवरदेवाच्या खांद्यावरच्या शालीचं टोक उलटून बोटानं चाचपलं आणि अक्षता पडायच्या आधीच जाहीर केलं, "सेकंड हाय." तेव्हापासून दोन घरं त्यांच्याशी बोलत नव्हती. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटायचं नाही. "आता शाल सेकंडच होती की, मी काय करू?"

अण्णा टॉवेलच्या कारखान्यात चेकर होते. मागावरून उतरलेला माल गठ्ठ्यानं त्यांच्या टेबलावर यायचा. एकेक टॉवेल उलटा करायचा, ट्यूबलाइटसमोर धरायचा, बोट फिरवायचं, फर्स्ट की सेकंड, म्हणजे निर्दोष की खोट असलेला, ते ठरवायचं. जो पास होईल त्याच्या चिठ्ठीवर आपल्या नंबराचा शिक्का. अण्णांचा नंबर चौदा. गठ्ठा कायम खालून उघडायचा, कारण विणणारा चांगले पीस वर ठेवतो. "मी पण माग चालवत होतो तवा तेच करत होतो," हे ते स्वतःहून सांगायचे. पास झालेला माल पुढं खराब निघाला तर चिठ्ठीवरचा नंबर बघून परत त्याच चेकरकडे यायचा. त्यानंच तो पुन्हा उघडायचा, सगळ्यांसमोर.

मी हे कौतुक म्हणून सांगत नाही. कौतुक सोपं असतं. मला एक गोष्ट सांगायची आहे, जी मी आठ वर्षं कुणाला सांगितलेली नाही, घरातसुद्धा. तिच्याकडे यायला मला थोडा वेळ लागेल. मी आधीपासूनच कमी बोलणारी. एका स्थानिक दैनिकात रविवारची पुरवणी बघत होते. दुसऱ्यांचा मजकूर नीट करण्यात दिवस जायचा, स्वतःचं काही सांगायची वेळ यायची नाही. ते सोयीचंही होतं.

अण्णा पहिल्यांदा कार्यालयात आले ते हातात आमच्याच पुरवणीचं कात्रण घेऊन. इंजिनिअरिंगची मुलं पेपर वाचत नाहीत म्हणून संपादकांनी तेव्हा परदेशी संगीताचं एक सदर सुरू केलं होतं. मी इंटरनेटवरून इकडचं तिकडचं गोळा करून ते भरायची. त्या आठवड्यात ब्रिटनमधल्या एका बँडच्या अल्बमवर लिहिलं होतं. गाजावाजा नसलेल्या छोट्या कंपनीकडून गाणी काढणारी, गिटारवाली चार पोरं. बँडचं नाव मी इथं देत नाही. नाव दिलं तर माझं तेव्हाचं लिखाण कुणीतरी शोधून काढेल. आणि जे सांगायचं ते मला माझ्या तोंडानं सांगायचं आहे.

"हे कोण लिहिलंय?" अण्णांनी विचारलं.

"मीच. का?"

"ह्या कॅसेटमध्ये अकरा गाणी हायत. तुमी सात गाण्यांबद्दल बोलायलाव. खालची चार कुठं गेली?"

ते फोनवर ऐकायचे, तरी अल्बमला कायम कॅसेटच म्हणायचे. मी त्यांच्याकडे बघत राहिले. पांढरा शर्ट, खिशात धागे कापायची छोटी कात्री, दोन्ही कानांत कापसाचे बोळे. बोळे काढायला ते विसरले होते. मी "बसा की" म्हटलेलं त्यांना ऐकू गेलं नाही, तेव्हा आठवण झाली आणि त्यांनी ते काढून वरच्या खिशात नीट ठेवले. मागांच्या खडखडाटात कान जाऊ नयेत म्हणून ते सतरा-अठरा वर्षं कारखान्यात कापूस घालून बसायचे. लोक हसायचे. "कान वापरून संपतंय, चेल्ली," त्यांनी मला पुढं सांगितलं. "मागाला कशाला घालवू?" चेल्ली म्हणजे तेलुगूत धाकटी बहीण. दुसऱ्या भेटीतच मी चेल्ली झाले होते, आणि तिसऱ्या भेटीत 'तुमी'ची 'तू'.

त्यांना हा बँड कसा मिळाला, ती गोष्ट कारखान्यात अजून सांगतात. इंग्लंडहून एक खरेदीदार माल बघायला आला होता. त्याच्याबरोबर एक तरुण मदतनीस, अंगात काळा टी-शर्ट, छातीवर एका धुराड्याचं चित्र. अण्णा टेबलावरून उठले, जवळ गेले आणि काही न बोलता त्या गोऱ्या पोराच्या टी-शर्टची खालची कड उचलून उलटी केली. छपाई मागून कशी आली आहे, एवढंच त्यांना बघायचं होतं. मालकांना घाम फुटला. पोरगा मात्र खो खो हसला. अण्णांनी धुराड्यावर बोट ठेवून विचारलं, "मिल?" तो म्हणाला, मिल. हात हलवून त्यानं खुणेनं सांगितलं, बंद. अण्णांनी खिडकीतून लांब दिसणाऱ्या आपल्याकडच्या धुराड्याकडं बोट केलं आणि तसाच हात हलवला. बंद. मग त्या पोरानं आपल्या कानातली एक वायर काढून अण्णांच्या कानात घातली. गिरणी बंद पडलेल्या त्याच्या गावातली ती चार पोरं. त्या दिवसापासून अण्णा त्यांना 'गिरणीवाले' म्हणायला लागले.

सदर मग अण्णाच लिहायला लागले. त्याला आम्ही 'उलट बाजू' असं नाव दिलं. वर त्यांचं नाव आणि फोटो. फोटोत कात्रीसुद्धा आलेली. ते बोलायचे, मी लिहून घ्यायची.

पद्धत ठरलेली. अल्बम सात वेळा ऐकायचा, एका दिवसात एकदाच. पहिली शिफ्ट सुटली की सिद्धेश्वर तळ्याच्या कट्ट्यावर, पाण्याकडे पाठ करून बसायचे. शेवटचं गाणं आधी, मग त्याच्या वरचं, असं करत पहिल्यावर यायचं. "चांगलं गाणं हे लोक वर ठेवतेत. वरून ऐकलीस की फसलीस." इंग्रजी शब्द कळत नव्हते, याची त्यांना अडचण वाटायची नाही. निर्यातीच्या मालामुळं दोष सांगणारे शब्द तेवढे यायचे: शेड व्हेरिएशन, लूज थ्रेड. ते गाण्याला पुरत. सात वेळा झाल्यावर मात्र ते यायचे आणि म्हणायचे, आता शब्द सांग. "लेबल शेवटी लावतेत."

एकदा एका गाण्याचा अर्थ मी सांगितला. एका माणसाची बस चुकते, तो थांब्यावर उभा राहतो, एवढंच होतं त्यात. अण्णा हिरमुसले.

"एवढंच? मला वाटलं कोण तरी मेलंय."

मी म्हटलं, नाही हो, बसच.

थोड्या वेळानं म्हणाले, "बस गेली की तिच्यात बसलेलं कोण तरी पण गेलंच की."

त्यांच्या वाक्यांना मी फार हात लावायची नाही. 'ड्रम वाजवणाऱ्याला घरी जायची घाई नाही.' 'गाणाऱ्याचा आवाज खळ न दिलेल्या सुतासारखा आहे. तुटेल वाटतं, तुटत नाही.' मुलं ही वाक्यं कापून होस्टेलच्या भिंतीला लावायची, असं कळायचं.

आणि त्यांची वही. कारखान्यातून आणलेलं लांबट रजिस्टर. त्यात ते गाण्यांचं काही लिहायचे नाहीत; गाण्यांवर जगभरात जे लिहून येतं त्याचं लिहायचे. इंग्लंड-अमेरिकेतली परीक्षणं फोनवर मराठीत करून वाचायची आणि तीन रकाने भरायचे. पहिल्यात लिहिणारा कोण. दुसऱ्यात तो काय म्हणतो. तिसऱ्यात दोनच शेरे असायचे, 'ऐकलंय' किंवा 'न ऐकलेलं'. चांगलं म्हटलंय की वाईट, याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. एखाद्यानं गिरणीवाल्यांना पार झोपवलं असेल आणि अण्णा खुशीत असायचे, "बघ, ह्यानं ऐकलंय. शिव्या देतोय पण ऐकून देतोय." उलट भरभरून स्तुती करणाऱ्याला 'न ऐकलेलं'. "हा वरचे चार पीस बघून गठ्ठा पास केला." मी एकदा खोडी म्हणून त्यांनी नापास केलेलं एक परीक्षण मूळ इंग्रजीत काढून वाचलं. खरोखरच पाचव्या गाण्यानंतरचा त्यात एकही उल्लेख नव्हता. मला तेव्हा हसू आलं होतं.

आता त्या गोष्टीकडे येते.

गिरणीवाल्यांचा नवा अल्बम सात वर्षांनी येणार होता. अण्णा महिनाभर आधीपासून कानाला जपत होते. लग्नाच्या वरातीला गेले नाहीत, मोहरमचे ताशे घरात बसून खिडक्या लावून घालवले. डावा कान तेव्हाच मंद झाला होता, हे मला माहीत होतं. त्यांनी ते एकदाच सांगितलं होतं, आंबा नासलाय हे सांगावं तसं. "उजवा आहे अजून. ही कॅसेट निघंल त्याच्यावर. पुढचीचं माहीत नाही." मला हे माहीत होतं, हे वाक्य मी मुद्दाम लिहून ठेवते.

अल्बम शुक्रवारी येणार आणि आमची पुरवणी गुरुवारी दुपारी छपाईला जायची. रविवारचं पान गुरुवारीच बंद. परदेशातल्या समीक्षकांना मात्र आधी प्रती मिळाल्या होत्या आणि त्यांचे तारे पडायला लागले होते: पाचातले दोन, पाचातले अडीच. बहुतेकांचं म्हणणं एकच की पहिली चार गाणी दमदार, नंतर उतरण.

संपादकांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मुंबई-पुण्याच्या पेपरांत रविवारी येणार हे. आपल्याकडं?"

"अण्णा पुढच्या रविवारी देतो म्हणालेत. सात वेळा ऐकून."

"सात वेळा! मॅडम, सत्यनारायण आहे का हा? त्यांना म्हणावं, या आठवड्यात द्या."

"अजून अल्बमच आलेला नाही सर."

"मग बाकीच्यांनी कसं लिहिलं? त्यांनी लिहिलं ना? बघा काय ते."

'बघा काय ते' म्हणजे तूच बघ. मी नाही म्हणू शकले असते. पान पुढच्या आठवड्यावर ढकलता आलं असतं, भेंडीच्या पाककृतीवर भागवता आलं असतं. संपादक चिडले असते, दोन दिवसांत विसरले असते. माझ्यावर बंदूक नव्हती रोखलेली. मी खुर्चीत बसले आणि सहा परदेशी परीक्षणं उघडून चाळीस मिनिटांत एक सातवं तयार केलं. 'पहिल्या चार गाण्यांनंतर हा अल्बम दम सोडतो,' असं लिहिलं. हे वाक्य मला तेव्हा बरं जमल्यासारखं वाटलं होतं. दोन तारे दिले. वर 'उलट बाजू', त्याखाली अण्णांचं नाव, कात्रीसकट फोटो. नाव काढावं असा विचार आला होता. पण नाव काढलं तर सदराची चौकट रिकामी दिसत होती.

सोमवारी अण्णा आले. बोळे आधीच काढलेले. काखेत रजिस्टर. रागावलेले नव्हते, उलट चेहऱ्यावर एक कुतूहल होतं, नव्या विणीचा टॉवेल पहिल्यांदा हातात आल्यावर असावं तसं.

"चेल्ली, हा माझ्या नावाचा माणूस कोण?"

मी हातातल्या कागदावरून वर बघितलं नाही.

"मी तर अजून तीनदाच ऐकलोय. हा माझ्या आधी ऐकून बसलाय. कोण हाय?"

आणि मी म्हणाले, "अण्णा, घोळ झाला. मुंबईहून एजन्सीचा मजकूर आला होता. पान लावताना त्याच्यावर चुकून तुमचं नाव पडलं."

इतकं सहज निघालं ते तोंडातून. मला वाटतं, त्यांनी प्रश्नच असा विचारला होता की उत्तर त्यात तयार होतं. ते भोळेपणानं विचारत होते की मला वाट करून देत होते, हे मला तेव्हा कळलं नाही.

"असं व्हय," ते म्हणाले. रजिस्टर उघडून उभ्यानंच काही लिहिलं, मिटलं. "मग त्या साहेबाला मी पत्र लिहितो. छापशील?"

"छापेन की."

पुढच्या सोमवारी त्यांनी पत्र आणून दिलं. सात वेळा ऐकून. स्वतःच्या नावावर छापलेल्या परीक्षणाला स्वतःच लिहिलेलं उत्तर. ते मी छापलं नाही. छापलं असतं तर संपादकांनी विचारलं असतं, वाचकांनी विचारलं असतं, आणि मुंबईचा तो साहेब कोण हे मला सांगावं लागलं असतं. वाचकांच्या पत्रांचा कॉलम माझ्याच हातात होता. आज ते पत्र इथं देते. आठ वर्षं उशिरा, एक शब्द न बदलता.

'समीक्षक साहेबांस नमस्कार. तुमचं नाव मला माहीत नाही. तुमच्या मजकुरावर माझं नाव पडलं, त्यामुळे तुमचं नाव वाया गेलं, त्याबद्दल माफी मागतो. तुम्ही लिहिलाव की चार गाण्यांनंतर ही कॅसेट दम सोडते. मी सात वेळा ऐकलो. तुम्ही वरून ऐकला असाल. मी खालून ऐकतो, मला तशी सवय आहे. वरची चार गाणी बाजाराची आहेत, ती कुणीही पास करेल. मी माग चालवत होतो तेव्हा चांगले पीस वर ठेवत होतो, सगळे ठेवतात. पण ह्या पोरांनी उलटं केलंय. चांगला माल खाली ठेवलाय. असं कोणी करत नाही. का केलं असेल ह्याचा मी आठवडाभर विचार करतोय. मला वाटतं सात वर्षांनी आले म्हणून त्यांना भीती वाटली असेल. शेवटपर्यंत कोण थांबतंय ते बघू म्हणाले असतील. खालून पहिलं गाणं संपल्यावर खुर्ची सरकल्याचा आवाज आहे. तो पुसता आला असता. पुसला नाही. तुम्ही ऐकलाव का? तुम्हाला घाई असेल. घाईत माझ्याकडून पण सेकंड माल पास झालाय. तो परत येतो. परत आलेला पीस पुन्हा उघडून बघायला लाज नाही. ऐकून झालं की कळवा. मी वाट बघतो.'

ते दर सोमवारी यायचे. "आलं का?" मी म्हणायचे, "या वेळी जागा नव्हती अण्णा." किंवा, "जाहिराती आल्या." ते मान डोलवायचे, रविवारची पुरवणी शेवटच्या पानापासून चाळायचे, पाणी पिऊन जायचे. दुसरा कुठला अल्बम त्यांनी त्या काळात घेतला नाही. पत्र छापून येईपर्यंत पुढचं लिहिता येत नाही म्हणाले. सदराची जागा मी पाककृतींनी भरत होते. सात सोमवार झाले. हा आकडा मी मुद्दाम जुळवत नाही, खरंच सात झाले.

सातव्या सोमवारी त्यांनी "आलं का" विचारलं नाही. म्हणाले, "सदर बंद कर, चेल्ली."

"का हो अण्णा?"

"आमच्यात एक रीत हाय. चेकर कामावरनं उतरला की त्याच्या शिक्क्याचं रबर ब्लेडनं मधोमध कापतेत. मगच तो शिक्का घरी न्यायला देतेत. दुसऱ्याच्या हाती लागून कुठल्याही मालावर बसू नये म्हणून." मग, समजूत घालावी तशा आवाजात, "माझं नाव एकदा दुसऱ्याच्या हातानं बसलं. कुणाची चूक नाही. पण आता कापलेलं बरं."

संपादकांना मी सांगितलं, अण्णांना कंटाळा आलाय. हे दुसरं खोटं.

होस्टेलच्या मुलांची पत्रं काही दिवस आली, मग थांबली. अण्णा पुन्हा आले नाहीत. मीही गेले नाही. अण्णा राहत त्या अशोक चौकातून जायचं असलं की मी रिक्षा सात रस्ता चौकाकडून फिरवून न्यायला सांगायची. सोलापूर एवढं मोठं नाही. पण चुकवायचंच ठरवलं तर आठ वर्षं चुकवता येतं.

या वर्षी पुरवणी बंद झाली. टेबल रिकामं करताना खालच्या खणात पत्र निघालं. मी ते फेकलं नव्हतं, एवढं एक माझ्या बाजूनं. उभ्यानं वाचलं, खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. 'ऐकून झालं की कळवा' या ओळीपाशी माझ्या एक गोष्ट लक्षात आली, आणि खरं तर याच गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. तो अल्बम मी कधीच ऐकला नव्हता. परीक्षण लिहिताना नाही, नंतरही नाही. आठ वर्षांत एकदाही नाही.

घरी आले आणि शेवटचं गाणं लावलं.

पहिल्या दिवशी काही कळलं नाही. तीन गिटारी की दोन, हेही सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी खुर्ची ऐकू आली. गाणं संपतं, दोन-तीन सेकंद काही नाही, आणि मग लाकडी फरशीवर खुर्ची सरकते, कुणीतरी उठल्यासारखी. मी ते पाच वेळा मागं नेऊन ऐकलं. उरलेल्या एकाच कानानं, तळ्यावरच्या भेळवाल्यांच्या गोंगाटात, अण्णांना ते ऐकू गेलं होतं. चौथ्या दिवशी मी भांडी घासताना खालून तिसरं गुणगुणत होते. सहाव्या दिवशी वरची चार गाणी मला खरोखर पोकळ वाटायला लागली. आणि एक गाणं असं निघालं की सातही दिवस मी त्याच्याशी भांडत राहिले.

मध्येच मी बाहेरचं काय म्हणणं आहे तेही शोधलं. मला वाटलं होतं, एवढ्या वर्षांत जगाचं मत बदललं असेल, कुणी माफी मागितली असेल. तसं काही नाही. तारे तिथंच आहेत, दोन आणि अडीच. अण्णा बरोबर ठरले नाहीत. मग मला समजलं की मी तेच शोधत होते, म्हणजे कुणीतरी दुसऱ्यानं आधी चूक कबूल करावी आणि मी मागोमाग करावी.

आठव्या दिवशी रिक्षावाल्याला सांगितलं, अशोक चौकातूनच घ्या.

दारात वदिना विड्या वळत बसल्या होत्या, मांडीवर सूप. अण्णांच्या बायकोला मी वदिनाच म्हणायची. त्यांनी मला ओळखलं, सूप बाजूला केलं नाही.

"आलीस व्हय," म्हणाल्या. "मोठ्यानं बोलून उपयोग नाही बघ. कान गेलेत दोन्ही."

"मशीन नाही घेतलं?"

"घेतलं की. डब्यात हाय. म्हणतेत, त्यात सगळं सेकंड ऐकू येतंय."

अण्णा आत खिडकीशी बसले होते, शर्टाच्या खिशात अजून कात्री. मला बघून हसले. जुनी ओळख आठवून हसावं तसं नाही, कालच भेटल्यासारखे. मी पर्समधून कागद काढला आणि त्यावर लिहिलं, 'मुंबईचा साहेब कुणी नव्हता. ते मी लिहिलं होतं.' कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी वाचला. उलटा करून मागची कोरी बाजू बघितली. मग उठून फळीवरचं रजिस्टर काढलं, शेवटच्या पानापासून मागं मागं चाळत गेले आणि एका ओळीवर बोट ठेवून माझ्याकडं सरकवलं.

ते त्या सोमवारचं, उभ्यानं लिहिलेलं. दुसऱ्या रकान्यात: 'चार गाण्यांनंतर दम सोडते.' पहिल्या रकान्यात, लिहिणारा कोण: 'चेल्ली.'

तिसरा रकाना कोरा होता. अख्ख्या रजिस्टरात तेवढाच.

"परत येणारा पीस हाय तो," अण्णा म्हणाले. ऐकू येत नसल्यामुळं फार मोठ्यानं म्हणाले. बाहेर वदिनांचे हात थांबलेले मला दिसले. "आला नाही तवर काय लिहू?" आणि मग हाताचा पंजा खालून वर नेत, भुवया उंचावून त्यांनी विचारलं. खालून?

मी मान हलवली. सात बोटं दाखवली. खुर्चीचं सांगावंसं वाटलं, पण ती त्यांच्या पत्रातच होती; पत्र वाचणाऱ्या कुणालाही ते सांगता आलं असतं. मी कागद परत घेतला आणि लिहिलं, 'खालून पाचवं गाणं मला आवडलं नाही. मध्येच गिटार थांबते आणि गाणाऱ्याला कुठं जायचं ते कळत नाही. बाकी तुमचं बरोबर आहे. हे एक नाही.'

अण्णांनी ते दोनदा वाचलं. कपाळाला आठी पडली.

"पाचवं? खालून पाचवं?" ते ओरडलेच. "ते फर्स्ट हाय! तो थांबतोय म्हणून तर पुढचं उचलतंय. तुला काय कळत नाही त्यातलं!"

मी नकारार्थी मान हलवली.

"नाही म्हणतेय बघ ही," ते बाहेर वदिनांकडं बघून म्हणाले, आणि त्यांचा चेहरा हळूहळू असा उघडत गेला की मला खिडकीबाहेर बघावं लागलं. "ऐकलीस, चेल्ली. ऐकलीस की."

त्यांनी पेन उघडून तिसऱ्या रकान्यात एक शब्द लिहिला. मग ट्रंकेतून धोतराच्या चिंधीत गुंडाळलेला शिक्का काढला. त्याचं रबर मधोमध कापलेलं होतं. पॅड केव्हाच वाळलेलं. अण्णांनी शिक्का तोंडाजवळ धरला, त्यावर तीनदा ऊन श्वास सोडला आणि माझ्या ओळीवर दाबून धरला.

फिकट उमटला. चौदावर आडवा पांढरा काप होता, तरी आकडा वाचता येत होता.